युरोव्हिजन पहिल्यांदा बघताय? मतमोजणीला जागे राहा

युरोव्हिजन म्हणजे मुख्यतः युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा. तिच्याबद्दल तुमचे दोन प्रश्न आहेत: अंतिम फेरीआधी सगळी गाणी ऐकून ठेवावीत का, आणि शेवटची आकडेमोड सोडून झोपलं तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. झोपू नका. सगळी गंमत त्या तासात आहे.

मे महिन्यातला अंतिम फेरीचा शनिवार आपल्याकडे रविवार होऊन जातो. प्रक्षेपण रात्री साडेबाराला सुरू होतं आणि पहाटे चारनंतर संपतं. दुपारी झोप काढून घ्या.

गाणी आधी ऐकू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. प्रत्येक गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं असतं आणि पहिल्याच ऐकण्यात पकडेल असं बांधलेलं असतं. घरोघरी बसलेले कितीतरी प्रेक्षक ते त्याच रात्री पहिल्यांदा ऐकतात. तुम्हीही तसंच ऐका. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि तुमच्या आवडत्या दहांना गुण द्या: १ ते ८, मग १० आणि १२. ही पद्धत १९७५ पासूनची आहे.

आता मतमोजणी. प्रत्येक देशाचे गुण दोनदा मिळतात, एकदा परीक्षकांचे आणि एकदा जनतेचे. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. परीक्षकांची मतं आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर पडलेली असतात. ती देशोदेशीहून एकेक करून येतात. मग जनतेचे गुण एकगठ्ठा जाहीर होतात, परीक्षकांच्या यादीत तळाला असलेल्यापासून वर. त्यामुळे पहिला कोण हे शेवटच्या आकड्यापर्यंत कळत नाही.

२०२३, लिव्हरपूल. माझे १२ फिनलंडच्या कॅरियाला होते. परीक्षकांनी त्याला १५० गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला ३४०. मग जनतेचे गुण आले आणि कॅरियाला एकदम ३७६! एकूण ५२६. लोरीनला जिंकायला आणखी १८७ हवे होते. तिचा आकडा यायचा होता आणि मी खुर्चीतून उठून उभा होतो. २४३ आले. ती जिंकली. फार वाईट वाटलं, पण ते मिनिट मी कधी विसरणार नाही.

‘सगळं राजकारणच असतं’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. शेजारधर्म आहे, ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण देण्यासाठी प्रसिद्धच आहेत. पण पोर्तुगालला जमिनीवर शेजारी एकच, स्पेन. १९६४ पासून भाग घेऊन २०१७ पर्यंत एकदाही न जिंकलेला हा देश. त्या वर्षी कीव्हला त्यांचा गायक साल्वादोर सोब्राल एकटा उभा राहिला आणि बहिणीने रचलेलं शांत गाणं पोर्तुगीजमध्येच गायला. परीक्षक आणि जनता, दोघांकडेही तो पहिला आला. एकूण ७५८ गुण. एवढी मतं शेजाऱ्यांच्या जोरावर मिळत नाहीत.

उलटं उदाहरण २०१६ चं. परीक्षकांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया, जनतेची रशिया, आणि जिंकली युक्रेनची जमाला. ती दोन्हीकडे दुसरी होती. तिचं गाणं १९४४ मध्ये क्रिमियातून हद्दपार केलेल्या तातारांवर होतं, तिच्या पणजीच्या पिढीवर. शब्द कळले नाहीत तरी तिचा आवाज ऐकून माझा घसा दाटून आला होता.

आणि हो, २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतूनही ऑनलाइन मत देता येतं. त्याचे पैसे पडतात, आणि ‘उर्वरित जग’ म्हणून सगळ्यांचे मिळून एका देशाएवढेच गुण धरतात. तरी मी दरवर्षी देतो.