वाचकांचे प्रश्न : लॉकमधून बोट उतरवताना

प्रश्न : इंग्लंडमधील कालव्यातून स्वतःची बोट नेण्याचा आमचा बेत आहे. लॉकमधून खाली उतरताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, त्यातील पाणी सोडले की बोट खालच्या पातळीवर येते. चढण्यापेक्षा उतरताना बोट उंबऱ्यावर अडकण्याचा धोका अधिक असतो, कारण वरच्या दरवाजाच्या पायथ्याशी असलेला हा उंबरा भरलेल्या पाण्यात दिसत नाही आणि बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला, तर पुढचा भाग खाली जात राहून बोट बघता बघता बुडू शकते. उंबऱ्याची हद्द दाखविणारी रेघ बहुधा काठावर रंगविलेली असते. बोट तिच्या पुढेच ठेवावी. दोर खुंटाला गाठ मारून न बांधता नुसता वेढा देऊन हाती धरावा आणि पाणी उतरेल तसा सैल सोडावा. (हे काम गप्पिष्ट माणसाकडे देऊ नये.) बोट अडकलीच, तर खालच्या दरवाजाकडील, पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा ताबडतोब बंद करून मगच वरच्या, पाणी आत घेणाऱ्या झडपा हळूहळू उघडाव्यात.

वेगमर्यादा साधारणपणे ताशी 4 मैल असते; बांधलेल्या बोटींजवळून जाताना तोही जास्तच होतो.