गाडी त्या गॅरेजला परत देऊ नका

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय २४. वडिलांच्या नावावरच्या ३५० सीसी मोटरसायकलला ओळखीच्या गॅरेजमध्ये टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) बसवून घेतला. ९५ हजार गेले, निम्मे रोख, निम्मे यूपीआयने. 'काही झाल्यास जबाबदारी माझी' अशा चिठ्ठीवर गॅरेजवाल्याने माझी सही घेतली होती. गाडी जेमतेम सातशे किलोमीटर चालली. यवतेश्वर घाटात चढावर इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि आम्ही दोघं पडलो. मी खरचटण्यावर सुटलो, मागे बसलेल्या मित्राचा हात मोडला. आता गॅरेजवाला म्हणतो, "गाडी आणून टाक. टर्बो काढून सगळं कंपनी फिटिंग करून देतो, मग इन्शुरन्सला कळव." वडिलांना टर्बोचं काहीच माहीत नाही. काय करू?

उत्तर : गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या. ताडपत्री टाका, चारही बाजूंनी फोटो काढा, इंजिनला कुणाला पाना लावू देऊ नका. गॅरेजवाल्याची ही माया तुमच्यावर नाही. त्याने केलेल्या कामाचा एकमेव पुरावा तुमच्या अंगणात उभा आहे आणि तो स्वतःच्या हाताने खोलायची परवानगी तो तुमच्याकडूनच मागतोय.

दुसरं, क्लेम फॉर्मवर सही कुणाची होणार? पॉलिसी वडिलांच्या नावावर, म्हणजे सही त्यांची. टर्बो उतरवून 'गाडी मूळ स्थितीत होती' असं लिहून पैसे मागितले, तर ती विमा कंपनीची फसवणूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्यांना टर्बो म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्या माणसाला तुम्ही तिथे नेऊन उभं करणार.

याच्या तुलनेत तुमचा मूळ गुन्हा लहान आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं : बेकायदेशीर बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. टर्बो, मोकळा सायलेन्सर आणि रिमॅप केलेला, म्हणजे सेटिंग बदललेला ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) हे तीन बदल धरले जाऊ शकतात. गाडी बीएस ६ या प्रदूषण-मानकाची असेल आणि टर्बोला जागा करताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) काढला असेल, तर प्रदूषणाचं कलम १९०(२) वेगळं. आणि १८२अ मधला 'मालक' म्हणजे कागदावरचा मालक. तुमच्या घरात तो कोण, हे सांगायला नको.

पण त्याच कलमाचं पहिलं पोटकलम गॅरेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही. नियमाविरुद्ध गाडीत बदल करणाऱ्या 'डीलर'ला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड आहे. डीलर म्हणजे शोरूमवाला असं आपण समजतो, पण कायद्याच्या व्याख्येत वाहनदुरुस्तीचा धंदा करणाराही डीलरच. हे वाचून लगेच त्याला व्हॉट्सअॅपवर 'पैसे दे नाहीतर केस करतो' असं लिहू नका. तो मेसेज उद्या तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल. जे लिहायचं ते वकिलाच्या नोटिशीतून.

ग्राहक आयोगात जाता येईल का? येईल, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. बदल बेकायदेशीर होता ही एक आणि काम निकृष्ट होतं ही दुसरी. पहिल्या मुद्द्यावर गॅरेजवाला म्हणेल, की करारच बेकायदेशीर होता, दोघेही सामील होतो, मग पैसे कसले परत मागता? ह्या बचावात दम आहे, त्यामुळे ९५ हजार परत मिळतील असं मी म्हणणार नाही. मात्र 'आरटीओचं आम्ही बघतो', 'हे लीगल आहे' असं त्याने कुठे लिहून पाठवलं असेल, तर चित्र पालटतं. ते चॅट जपा, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि फक्त स्क्रीनशॉट हाती असला की तिथे गाडं अडतं.

दुसऱ्या मुद्द्यासाठी थोडं इंजिनात शिरावं लागेल. (माझ्याकडे आयुष्यभर स्कूटर होती. हे एका जुन्या मिस्त्रींकडून समजून घेतलंय.) टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही किंवा मूळचं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती दाबतो ते प्रमाण) तेवढंच ठेवलं, तर मिश्रण स्पार्कची वाट न पाहता आपोआप पेटतं. इंजिन ठोके देतं, पिस्टनचा माथा वितळतो आणि सगळं जाम होतं. घाटात, चढावर, डबल सीट असताना हे व्हायची शक्यता सर्वांत जास्त. होंडाने १९८२ मध्ये सीएक्स ५०० टर्बो बाजारात आणली, तेव्हा साध्या सीएक्सपेक्षा तिचं कॉम्प्रेशन मुद्दाम बरंच उतरवलं होतं. तरीही जपानच्या चारही मोठ्या कंपन्यांनी काही वर्षांतच टर्बो मोटरसायकलींचा नाद सोडला.

म्हणून प्रश्न असे विचारायचे : कॉम्प्रेशन कमी केलं होतं का? पेट्रोलचा मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचं सेटिंग) बदलला होता का? टर्बोला ऑइलची लाईन कुठून दिली होती? याची उत्तरं इंजिन खोलल्यावरच मिळतील. ते दोन्ही बाजूंना आधी कळवून, फोटो आणि व्हिडिओ घेत, तज्ज्ञासमोर खोला. कराड किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकांचा अहवाल मिळाला तर उत्तम. चिठ्ठीचं फार ओझं घेऊ नका. धोका पत्करणं वेगळं आणि समोरच्याच्या निष्काळजीपणाला माफी देणं वेगळं. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

विम्यात, गाडीच्या नुकसानीचा क्लेम माझ्या मते सोडून द्या. न सांगता केलेल्या बदलामुळेच इंजिन गेलं असेल, तर हातात काही लागणार नाही. अपघात झाल्याचं मात्र आजच कंपनीला खरंखरं कळवा, कारण मित्राची भरपाई त्यावर अवलंबून आहे. पॉलिसी 'पॅकेज' (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) आहे की फक्त थर्ड पार्टी, हे बघा. फक्त थर्ड पार्टी असेल, तर मागे बसलेला त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या तिलक सिंग निकालात सांगितलंय. पॅकेज असेल तर येतो, हे २०१२ च्या बालकृष्णन निकालात. तरीही कंपनी टर्बोकडे बोट दाखवणार. 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश झाला, तर वसुली पुन्हा वडिलांकडूनच. मित्राने दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, अशी मुदत कलम १६६(३) मध्ये आहे. त्याला हे तुम्हीच सांगा, लपवू नका. हॉस्पिटलचं बिल भरत असाल तर बँकेतून भरा, रोख नको.

पोलीस जबाब घेतील. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, त्यामुळे न्याय संहितेचं कलम १२५(ब) लागू शकतं, गुन्हा जामीनपात्र आहे. जबाबात कुत्रं आडवं आणू नका. आपल्याकडच्या घाटांत दर अपघाताला एक कुत्रं आडवं येतं आणि तपास अधिकाऱ्यांना त्या सगळ्या कुत्र्यांची ओळख झालेली आहे. शिवाय टर्बोच्या वेगाची रील तुम्ही टाकली असेल, तर ती अनेकांनी पाहिली आहे. आता डिलीट करून पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेऊ नका.

पंचनामा आणि तज्ज्ञांची पाहणी झाल्यावर गाडी मूळ स्थितीत आणा, दुसऱ्या गॅरेजमध्ये, पक्क्या बिलावर, आणि आरटीओत दाखवून दंड भरा. त्याआधी आज रात्री जेवणं झाल्यावर वडिलांना सगळं सांगा. आरसी, पॉलिसी आणि यूपीआयच्या नोंदी घेऊन वकिलाकडे जाल तेव्हा ते सोबत लागतील, वकीलपत्रावर सही त्यांची आहे.