‘एनपी-कम्प्लीट’ आहे म्हणून प्रोजेक्ट बदलायचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या वडिलांचं पत्र आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिनं डेटाबेसमधला ‘व्ह्यू वापरून क्वेरी नव्यानं लिहिणं’ हा विषय निवडला (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, व्ह्यू म्हणजे एखाद्या क्वेरीतून तयार झालेलं टेबल), तर सर म्हणाले, हे एनपी-कम्प्लीट आहे (आकार वाढला की झटपट सोडवायची पद्धत कुणालाच माहीत नाही), सोपं काही घे. विषय बदलावा का आणि गेटला (एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेला) बसवावं का, असं ते विचारतात.

विषय बदलू नका, आवाका कमी करा. सर म्हणतात ते खरंच आहे. साध्या जोडण्यांच्या क्वेरीसाठी, दिलेल्या व्ह्यूंवरून तंतोतंत तेच उत्तर देणारी क्वेरी लिहिता येते का, हे ठरवणं एनपी-कम्प्लीट असल्याचं लेव्ही, मेंडेलझॉन, सागिव आणि श्रीवास्तव यांनी 1995 मध्ये दाखवलं. पण ही अडचण क्वेरी आणि व्ह्यूंच्या आकाराची आहे, टेबलात किती ओळी आहेत त्याची नाही. क्वेरीत 5 टेबलं आणि प्रत्येकासाठी 20 व्ह्यू असतील, तर 32 लाख जुळण्या तपासाव्या लागतात. 3 टेबलं आणि प्रत्येकासाठी 6 व्ह्यू घेतले की फक्त 216. एवढं साधा लॅपटॉप करतो.

ती फसेल ती दुसरीकडेच, आणि ते तुम्हाला दुकानातल्या हिशेबावरून लगेच कळेल. समजा एका व्ह्यूत शेतकरी आणि खरेदीदार आहेत, दुसऱ्यात खरेदीदार आणि दर. पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचा) नंबर दोन्हींतून गळलाय. ‘कोणत्या शेतकऱ्याला काय दर मिळाला’ हे काढायला दोन्ही खरेदीदारावर जोडले. त्या खरेदीदारानं 40 शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एका पट्टीवर माल घेतला आणि दर 12 निघाले, तर 480 ओळी येतात. त्यातल्या 440 खोट्या! क्वेरी चालते, एरर येत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. मिनीकॉन ही क्वेरी नव्यानं लिहिण्याची पद्धत नेमकं हेच पाहते: जोडणीचा कॉलम (इथे पट्टीचा नंबर) व्ह्यूत लपला असेल, तर त्या कॉलमावर जोडलेली सगळी टेबलं त्याच व्ह्यूत असायला हवीत. तिनं बकेट पद्धत (प्रत्येक टेबलासाठी चालणारे व्ह्यू गोळा करून सगळ्या जुळण्या तपासणारी) आधी लिहावी, मग मिनीकॉन, आणि दोन्हींचा वेळ शेजारी-शेजारी मांडावा.

सरासरीचंही तसंच. रोजच्या सरासरी दरांवरून महिन्याची सरासरी निघत नाही. व्ह्यूत बेरीज आणि संख्या दोन्ही ठेवावी लागतात. पण सरासरी पहिल्या टप्प्यात घेऊच नये. डुप्लिकेट ओळींचंही भान हवं, कारण हे सिद्धांत संच धरून चालतात, म्हणजे तीच ओळ एकदाच मोजतात, आणि एसक्यूएल (क्वेरी लिहिण्याची भाषा) डुप्लिकेट ओळी तशाच परत देतं.

काम पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत डेटाबेसवर करावं. तिथे मटेरिअलाइज्ड (निकाल साठवून ठेवणारे) व्ह्यू आहेत, पण प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) क्वेरीत ते आपणहून वापरत नाही, त्यामुळे तिच्या प्रोग्रॅमला खरं काम उरतं. ओरॅकल या डेटाबेसमध्ये ते आपणहून वापरण्याची सोय आधीपासून आहे.

गेटला तिसऱ्या वर्षातही बसता येतं आणि स्कोअर 3 वर्षं चालतो. तरी माझं मत, चौथ्या वर्षी बसावं. डेटाबेस हा विषय अभ्यासक्रमात आहे, म्हणजे प्रोजेक्टची मेहनत तिथेही कामी येईल. थेट नोकरीच हवी असेल, तर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सोय) आणि ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ या, क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट वाचण्यावर हात बसवावा.

आणि एका हंगामाच्या पट्ट्या तिला द्या. शेतकऱ्यांच्या आणि खरेदीदारांच्या नावांऐवजी नंबर घाला, दर आणि पोती मात्र आहेत तशीच राहू द्या.