पहिली आली, तरी बाद का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शालेय स्पर्धेत ८०० मीटरला ती सगळ्यांच्या पुढे होती, पण ‘लेन तोडली’ म्हणून पंचांनी तिला बाद केलं. दोन आठवडे ती मैदानाकडे फिरकलेली नाही. लेन तोडणं म्हणजे नेमकं काय? तिला पुन्हा धावायला कसं तयार करू?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, पत्र वाचताना मला शायनी अब्राहम आठवली. लग्नानंतरची शायनी विल्सन. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या तोडुपुळाची ही मुलगी १९८४ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ८००च्या उपांत्य फेरीपर्यंत गेली, पुढच्या वर्षी जकार्तात आशियाई विजेती झाली. आणि १९८६ला सेऊलच्या एशियाडमध्ये? ८००ला पहिली आली आणि बाद झाली. कारण तेच, तुमच्या लेकीचं. लेन सोडायची घाई.

मी तेव्हा शाळेत खेळ शिकवायला नुकती लागले होते. पेपरात सगळीकडे पी. टी. उषाची चार सुवर्णं, आणि मी मात्र शायनीची बातमी परत परत वाचत होते. आशियाई विजेतीचं असं होतं, तर आमच्या मुरुमाच्या मैदानावरच्या पोरींचं काय!

आता नियम. ८०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दोन फेऱ्या. बाहेरच्या लेनचं वळण लांब पडतं, म्हणून सुरुवातीच्या जागा पुढेमागे असतात. दुसऱ्या लेनची मुलगी पहिलीच्या साधारण साडेतीन मीटर पुढे उभी राहते. पहिलं वळण ज्याने त्याने आपल्याच लेनमध्ये काढायचं. वळण संपलं की आडवी रेषा येते. ती ओलांडल्यावरच आत यायचं. त्याआधी आत आलं, तर वळणावरचं अंतर वाचतं. हेच लेन तोडणं. मुलीने ते मुद्दाम केलं की गोंधळून, हे पंच बघत नाहीत आणि बघूही नये.

गंमत म्हणजे रेषेनंतरही झपकन आत शिरण्यात काही हशील नसतं. समोरची सरळ पट्टी साधारण ८४ मीटरची. बाहेरून सहा मीटर आत यायचं असलं आणि पुढच्या वळणापर्यंत तिरकं धावत आलं, तर जास्तीचं अंतर पडतं जेमतेम एक वीत. पोरींना हे तोंडी सांगून पटत नाही. मी टेप लावून मोजून दाखवायचे.

तिला समजावत बसू नका. रविवारी मैदानावर न्या, हातात फक्की द्या आणि ती आडवी रेषा तिलाच आखू द्या. रेषेच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या बाटल्या ठेवा. पहिल्या दिवशी ते वळण नुसतं चालायचं, प्रत्येक लेनमधून एकदा. मग हळू पळत. मग दोन-तीन मैत्रिणींना सोबत घेऊन, कारण शेजारची पुढे दिसली की पाय आपोआप आत वळतात. चूक तिथेच होते.

शायनीचं पुढे काय झालं, हेही तिला सांगा. त्याच सेऊलमध्ये तिने ४०० मीटरला रौप्य आणि रिलेत सुवर्ण मिळवलं. १९९२ला बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये भारताचा झेंडा तिच्या हाती होता. हा मान मिळालेली ती पहिली भारतीय महिला. १९९५ला मद्रासच्या सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत, वयाच्या तिशीत, आई झाल्यानंतर, तिने ८०० मीटर १ मिनिट ५९.८५ सेकंदांत काढलं. दोन मिनिटांच्या आत येणारी पहिली भारतीय मुलगी. (मी अजूनही तिला मुलगीच म्हणते.) तो राष्ट्रीय विक्रम २०१०पर्यंत टिकला, मग टिंटू लुकाने मोडला.

एक राहिलं. तिची लेन कितवी होती, ते पत्रात नाही. सगळ्यात बाहेरची असेल, तर सुरुवातीला तिला पुढे कुणीच दिसत नसणार. मग सराव तिथूनच सुरू करा.