व्यक्तिचित्र पूर्ण झाल्यानंतर चित्रकाराचे रोजचे जगणे कसे असते?

एखादे व्यक्तिचित्र हातावेगळे झाले की चित्रकाराचे पुढचे दिवस कसे जातात, समाधानात की रिकामेपणात, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात गेली 22 वर्षे तैलरंगात व्यक्तिचित्रे करते आहे, त्यामुळे माझ्यापुरते सांगते. ते दिवस मुख्यतः चित्राला हात न लावण्यात जातात, आणि मला तरी हे रंगवण्यापेक्षा अवघड वाटते.

सही केल्यानंतरचा पहिला तास मात्र निव्वळ धुण्याभांड्याचा असतो. ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये खळबळायचे, मग ओल्या साबणाच्या वडीवर घासून तळहातावर गोल गोल फिरवायचे. फेस पांढरा आला म्हणून फसायचे नाही, कारण केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या टोपीत, अलिझरिनचा लाल रंग लपून बसलेला असतो आणि तो चौथ्या-पाचव्या धुण्याला गुलाबी होऊन बाहेर येतो. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या मी पाणी भरलेल्या डब्यात टाकते. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू शोषते आणि तापते, त्यामुळे अशा चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून विषय निघालाच आहे तर लिहून ठेवते.

त्यानंतर चित्र भिंतीकडे तोंड करून उभे राहते. मागच्या वर्षी एका शाळेच्या सभागृहासाठी त्यांच्या दिवंगत मुख्याध्यापकांचे 30 बाय 40 इंचांचे चित्र केले. दोन महिने सकाळ-संध्याकाळ त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर होता. इतका, की मंडईत भाजी घेताना एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या खालच्या ओठाखालची सावली मी न्याहाळत उभी राहायची. चित्र संपले तरी ही खोड आठवडाभर सुटत नाही. चौथ्या दिवशी चित्र वळवले आणि सवयीप्रमाणे आधी आरशातून पाहिले. उलट्या प्रतिमेत डोळ्यांची ओळख पुसली जाते आणि चुका उघड्या पडतात. डावा कान सुतभर खाली उतरला होता. तो दुरुस्त करता करता हात गालाकडे जाऊ लागला, तेव्हा मी ब्रश ठेवला आणि पोहे करायला घेतले.

असा हात सगळ्यांचाच जातो. सार्जंट या चित्रकाराने 1884 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ‘मादाम एक्स’ हे व्यक्तिचित्र ठेवले, तेव्हा त्यातील स्त्रीच्या खांद्यावरून घसरलेल्या पट्टीवरून गदारोळ झाला. पुढे त्याने ती पट्टी खांद्यावर नीट बसलेली अशी पुन्हा रंगवली आणि चित्र कित्येक वर्षे स्वतःजवळच ठेवून 1916 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकले. लोक हा किस्सा बदनामीचा म्हणून सांगतात; मला मात्र त्यात आपले चित्र तीस वर्षे उशापायथ्याशी बाळगून जगणारा एक धंदेवाईक चित्रकार दिसतो.

मधल्या दिवसांत पोटापाण्याची कामे असतातच. संध्याकाळी मुलांचा चित्रकलेचा वर्ग असतो, थकलेले हिशेब असतात, नव्या कॅनव्हासला अस्तर चढवायचे असते. रिकामेपण म्हणाल तर ते येते, पण ते बहुधा सकाळी अकराच्या सुमारास येते, कारण तोच माझा रंगवण्याचा वेळ असतो आणि हात उगाच रंगपेटीकडे वळतात. पुण्याला जाणे झाले तर बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीभूमिकेतले, पाहून येते. आपले काम नुकतेच संपलेले असताना दुसऱ्याचे काम जितके स्पष्ट दिसते, तितके एरवी दिसत नाही.

मग घरची मंडळी चित्र पाहायला येतात. त्या मुख्याध्यापकांचा मुलगा म्हणाला, “उत्तम झालंय.” थोरली मुलगी मात्र बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ताई, आप्पांचा चष्मा असा सरळ कधीच नसायचा. ते त्याच्यावरून बघायचे.” माझ्याकडे होते ते तिन्ही फोटो स्टुडिओत बसवून काढलेले होते, त्यामुळे हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. चष्मा अर्धा बोट खाली घेतला, त्यासाठी पापण्याही पुन्हा कराव्या लागल्या, आणि मी पूर्ण झाले म्हणून सही केलेले चित्र पुढे तीन आठवडे चालले. पैशांबद्दल एवढेच सांगते की उरलेली निम्मी रक्कम अनावरणाच्या दिवशी मिळायची होती. ती पाच महिन्यांनी, चार खेपा घातल्यावर मिळाली.

तैलरंग हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असे नसते. अंबरसारखे मातकट रंग लवकर वाळतात, काळा आणि अलिझरिन रेंगाळतात, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तर हवा इतकी दमट असते की कॅनव्हासच सैल पडतो आणि चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकून तो ताणावा लागतो. म्हणून शेवटचे व्हार्निश मी निदान सहा महिने लावत नाही, जाड रंग असेल तर वर्षभर थांबते.

त्यासाठी यंदा त्या शाळेत गेले तेव्हा चित्राच्या कपाळावर कुंकवाचे बोट होते आणि झेंडूचा हार थेट रंगावर टेकवलेला होता. ओलसर पाकळ्यांचा पिवळसर डाग कोटाच्या खांद्यावर उतरला होता. शिपाईदादा अभिमानाने म्हणाले, “दर गुरुवारी मी स्वतः पूजा करतो, बाई.” त्यांना काय बोलणार? जरासा ओला कापूस गुंडाळून डाग टिपत दुपार गेली, व्हार्निश पुढच्या खेपेवर टाकले, आणि निघताना हारासाठी चौकटीच्या वर भिंतीत दोन वेगळे खिळे त्यांच्याकडूनच मारून घेतले.