गिटार घेताना ब्रँड नंतर बघा, आधी तारांची उंची बघा

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, गिटार हवी म्हणून मागे लागलीये. दुकानदार म्हणतो लहान मुलांना नायलॉनच्या तारांची क्लासिकल द्या, बोटं दुखत नाहीत. क्लासचे सर म्हणतात स्टीलच्या तारांचीच घ्या. ऑनलाइन तर बॅग, बेल्ट, तारा छेडायचं पिक सगळ्यासकट स्वस्तात सेट दिसतात. काय घेऊ? (एक आई, चिपळूण)

उत्तर: ताई, आधी मुलीला विचारा तिला वाजवायचंय काय. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून गाणी म्हणायची असतील तर सरांचं ऐका. दुकानदार खोटं बोलत नाहीये, नायलॉन बोटांना मऊच लागतं, पण क्लासिकलची नेक, म्हणजे दांडा, नटपाशी (दांड्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) साधारण ५२ मिलीमीटर रुंद असते आणि स्टीलच्या तारांच्या अकॉस्टिकची ४३ च्या आसपास, छोट्या पंज्याला हा फरक पहिल्याच कॉर्डला कळतो. आणि क्लासिकल घेतलीच तर तिच्यावर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका, ताण इतका वाढतो की ब्रिज, म्हणजे खाली तारा अडकवलेली लाकडी पट्टी, उखडून येऊ शकतो.

बाकी ब्रँड, लाकूड, रंग सगळं नंतर. नवीन मुलं गिटार सोडून देतात ना, त्याचं मोठं कारण माझ्या मते अॅक्शन, म्हणजे तारा फ्रेटबोर्डपासून (जिच्यावर तारा दाबतात ती पट्टी) किती वर आहेत ते. जास्त वर असल्या की दाबायला जोर लागतो, बोटं सोलवटतात, दाबलेला सूर थोडा चढाही निघतो आणि पोरीला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दोष तिचा नसतोच.

म्हणून दुकानात जाताना चार जुनी एटीएम कार्डं न्या, नंबर उठून न आलेली, सपाट. एक कार्ड ०.७६ मिलीमीटर जाड असतं. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कड्या, नटपासून मोजा) सगळ्यात जाड तारेखाली तीन कार्डं एकत्र सरकवून बघा, जेमतेम गेली तर मस्त. चारही आरामात गेली म्हणजे अॅक्शन तीन मिलीमीटरच्या वर आहे, तिथेच सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट लावून मागा नाहीतर दुसरी गिटार बघा. सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती छोटी पट्टी) खालून घासून तारा खाली आणतात, पण बाराव्या फ्रेटला अर्धा मिलीमीटर उतरवायचं तर सॅडल एक मिलीमीटर घासावं लागतं, तेव्हा हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. मग एकेक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, कुठे झणझण येत नाही ना ते ऐका.

नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करायची धातूची सळई, आहे का हेही विचाराच. चिपळूणच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा ओढतं, नेक हलते, आणि रॉड नसेल तर ती सरळ करायला सोपा इलाज उरत नाही. ऑनलाइन सेटमध्ये यातलं काहीच हातात घेऊन बघता येत नाही, म्हणून मी तरी नको म्हणेन. आणि पहिल्या काही महिन्यांसाठी ०.०१० इंचाचा हलका तारांचा सेट बसवून घ्या, बोटांना घट्टे पडेपर्यंत तेवढाच आराम.

प्रश्न: माझं पिक वाजवताना फिरतं, कधी तर सुटून गिटारच्या भोकातच जातं. पातळ घेऊ की जाड? (कॉलेजचा विद्यार्थी, पणजी)

उत्तर: अरे, जाडीपेक्षा तुझी पकड बघ. पिक तर्जनीच्या बाजूवर ठेवून वरून अंगठा, आणि टोक बाहेर पाच-सहा मिलीमीटरच, त्याहून जास्त बाहेर आलं की तारेत अडकतं आणि फिरतं. गुळगुळीत सेल्युलॉइड घामट हातात सरकतं, तुमच्याकडच्या हवेत तर जास्तच, त्यापेक्षा मॅट नाहीतर खरखरीत नायलॉनचं घे.

जाडीचं म्हणशील तर नुसतं स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) असेल तर ०.६० मिलीमीटर, सुटे सूर वाजवायला लागलास की ०.७३ किंवा ०.८८. डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स पिकमध्ये हे रंगावरून कळतं, केशरी, पिवळं, हिरवं अनुक्रमे. तिन्ही एकेक आण, एकच गाणं तिन्हींनी वाजव, फरक तुलाच ऐकू येईल. आपले सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जाड, कडक जवा (त्यांचं पिकच) वापरतात, सूर कसा टोकदार निघतो ऐक एकदा, म्हणजे जाडीचं काम काय ते कळेल.

भोकात गेलेलं काढायला तारा उतरवायची गरज नाही. गिटार हळूहळू तिरपी करत पिक आतून भोकाच्या कडेला आण आणि झटकन पालथी कर.

प्रश्न: मी डावखुरी आहे, साध्या गिटारच्या तारा उलट्या लावल्या तर चालेल? (वाचक, सांगली)

उत्तर: नुसत्या उलट्या लावून नाही चालत. नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि सॅडल तिरकं असतं, त्यामुळे सूर बिघडतो. दुकानात साधी आणि डावखुरी दोन्ही मांडीवर घेऊन बघ. बरेच डावखुरे साध्या गिटारवरही छान वाजवतात, पण जी घेशील ती शिकायला सुरुवात करायच्या आधीच ठरव.