‘ओरडलं की खेळतात, कौतुक केलं की झोपतात’

“मॅडम, रागावलं की नीट खेळतात. शाबासकी दिली की पुढच्याच मॅचला माती खातात. मग मी काय कायम ओरडतच राहू?”

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येतो. दहावीतल्या मुलाची आई विचारते, क्लासवाले मास्तर विचारतात, एकदा भजनी मंडळातल्या पोरांना पखवाज शिकवणाऱ्या बुवांनीही विचारला होता. खेळाचे कोच तर हमखास विचारतात. या वेळी विचारणारे सर एका कॉलेजात फिजिकल एज्युकेशनचे डायरेक्टर होते आणि तिथल्या मुलांच्या बास्केटबॉल टीमचे कोचही. गोव्यात फोंड्याला माझ्याकडे ते आले ते झोप लागत नाही म्हणून. टीमचा विषय निघाला तो नंतर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथं थोडक्यात आणलं आहे.)

त्यांची तक्रार अशी: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तगड्या टीमला चौदा पॉइंटांनी हरवलं, आणि चार दिवसांनी जिच्याकडे बेंचवर बसायला एकच खेळाडू होता अशा टीमकडून हरले. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, “टीम तुमची, जबाबदारी तुमची.” तेव्हापासून मॅचच्या आदल्या रात्री सर छताकडे बघत पडलेले.

“जबाबदारी म्हणजे नेमकी कशाची?” मी विचारलं.

“जिंकण्याची.”

“आणखी?”

“मुलांना मनापासून खेळायला लावण्याची. त्यांना मनच नाही हो मॅडम. मोटिव्हेशन शून्य.”

सरांनी अंगावर घेतलेल्या या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातातल्या नव्हत्या. समोरची टीम किती चांगली, बॉल रिंगवर आपटून आत जातो की बाहेर, यावर कोचची सत्ता चालत नाही. आणि दुसऱ्याच्या मनात इच्छा घालता येत नाही. असं सांगून मात्र उपयोग नसतो. माणूस मान डोलावतो आणि त्याच रात्री पुन्हा जागा राहतो. म्हणून मी हरल्यावर ते काय करतात ते विचारलं.

“कोर्टवरच उभं करतो. वीस मिनिटं झाडतो. दुसऱ्या दिवशी बॉलला हात नाही, नुसते राउंड.”

“आणि पुढची मॅच?”

“सुधारतात! म्हणून तर.”

“जिंकल्यावर?”

“पाठ थोपटतो, सगळ्यांना लिंबू सोडा पाजतो. की हवेत गेलेच. पुढच्या मॅचला बघायला नको.”

घोडं कुठं पेंड खातंय ते मला इथं कळलं. सर जे सांगत होते ते खोटं नव्हतं. त्यांनी तेच डोळ्यांनी पाहिलं होतं, वर्षानुवर्षं. म्हणूनच ते बोलून पुसलं जाणारं नव्हतं. मी म्हटलं, पुढची भेट तुमच्या कोर्टवर घेऊ.

उघडं सिमेंटचं कोर्ट. पावसाळा नुकताच सरलेला, तरी एका कोपऱ्यात शेवाळाचा हिरवा पट्टा होताच आणि मुलं सवयीनं तो चुकवून पळत होती. मी एवढंच सांगितलं: बाराही जणांनी दहा-दहा फ्री थ्रो मारायचे, म्हणजे कोणी न अडवता ठरलेल्या रेषेवरून बास्केटमध्ये बॉल टाकायचा. थोडं थांबायचं आणि पुन्हा दहा-दहा. मध्ये कोणी एक शब्द बोलायचा नाही. सरांनीही नाही. सरांनी शिट्टी खिशात घातली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना ते किती जड जात होतं, हे जबड्यावरून दिसत होतं.

पहिली फेरी झाली. सगळ्यात वरचे तिघे: नऊ, आठ, आठ. सगळ्यात खालचे तिघे: दोन, तीन, तीन. मी सरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “एरवी आत्ता काय केलं असतं?”

“वरच्यांना शाबास. खालच्यांना पाच राउंड.”

“आता काहीच करू नका.”

दुसरी फेरी. वरच्या तिघांचे सहा, सात, आठ. खालच्या तिघांचे पाच, चार, तीन. म्हणजे पंचविसाचे एकवीस झाले आणि आठाचे बारा.

सर कागदाकडे बघत राहिले. “पण मी तर काहीच बोललो नाही.”

“नाही बोललात.”

“म्हणजे हे आपोआप...” ते थांबले. मग बऱ्याच वेळानं, जरा रागानंच: “म्हणजे इतकी वर्षं मी ज्याचं श्रेय घेतलं ते माझं नव्हतंच?”

मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसणं हे अर्धं काम असतं, आणि ते मला आता बऱ्यापैकी साधतं. सरांचं पुढचं वाक्य त्यांचं त्यांनाच सापडलं: “आणि ज्याचा दोष घेतला तोही माझा नव्हता.”

ही युक्ती माझी नाही. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला, ज्यांना पुढं २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांनी नेमकं हेच ऐकवलं होतं: कौतुक केलं की शिकाऊ वैमानिक पुढच्या वेळी बिघडवतो, झापलं की सुधारतो. काहनेमननी जमिनीवर खडूनं खूण केली आणि प्रत्येकाला खुणेकडे पाठ करून दोन नाणी मागं फेकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं जवळ पडलं त्यांचं दुसरं बहुधा लांब गेलं, लांब पडलेल्यांचं जवळ आलं. नाण्याला कोणी रागावलं नव्हतं. त्याच्याही आधी, १८८६ साली, फ्रान्सिस गॉल्टननी आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत हाच कल दाखवला होता. फार उंच आईबापांची मुलं सरासरीनं उंचच, पण आईबापांइतकी नाहीत.

कोर्टवर याचा अर्थ असा. जो मुलगा एरवी दहात सहा फ्री थ्रो टाकतो, त्याचा एखादा दिवस चार किंवा त्याहून कमी टाकण्याचा निघणारच. गणित केलं तर सहा दिवसांत साधारण एकदा, आणि तेही त्याच्यात काहीही बिघडलेलं नसताना. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेकदा त्याहून बरा असतो आणि फार चांगल्यानंतरचा थोडा फिका. आपण ओरडतो ते वाईटानंतर, म्हणून सुधारणेचं श्रेय ओरडण्याला जातं. कौतुक करतो ते चांगल्यानंतर, म्हणून घसरणीचा ठपका कौतुकावर. दहावीच्या आईलाही मी हेच सांगते. युनिट टेस्टला बेचाळीस पडले, धपाटा दिला, पुढच्या टेस्टला पन्नास. धपाटा नसता तरी पन्नासच्या आसपास आलेच असते, याचीच शक्यता जास्त. ओरडण्याचा कधीच परिणाम होत नाही, असं माझं म्हणणं नाही. पण आपण जो पुरावा धरून बसतो तो पुरावा नसतो.

मग सगळा नशिबाचा खेळ? तसंही नाही, आणि काही पालक इथंच हात झटकून मोकळे होतात. नशिबाचा भाग बाजूला काढला की उरतो तो प्रश्न खरा. या टीमचा तिसरा क्वार्टर, म्हणजे हाफटाइमनंतरचा पहिला भाग, पुन्हा पुन्हा कोसळत होता. ते काही नाणेफेकीचं काम नव्हतं.

त्यासाठी मुलांशी बोलायला हवं होतं, सर नसताना. कॅप्टन आधी ‘सर बरे आहेत’ याच्यापुढं जाईना. मग म्हणाला, “हाफटाइमनंतर समोरचे फुल कोर्ट प्रेस लावतात, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवतात. आठ सेकंदांत बॉल पलीकडं न्यायचा असतो. बॉल कोणी घ्यायचा, मधे कोणी यायचं, ते आमचं ठरलेलंच नाही.”

“सरांना विचारलं?”

“टाइमआउटला सर म्हणतात, हिंमत दाखवा. हिंमत आहे हो. पण पास कोणाला देऊ?”

अख्ख्या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच. ज्याला आपण ‘मन नाही’ म्हणतो, त्यात कितीदा तरी ‘काय करायचं ते माहीत नाही’ एवढंच असतं. मोठ्यांना हे दिसत नाही, कारण न समजणारा मुलगा आणि मन नसलेला मुलगा बाहेरून सारखेच दिसतात. दोघंही पाय ओढतात.

दुसरा एक वाळपईकडचा. सरांच्या वहीत त्याच्यापुढं ‘कमिटमेंट नाही’ असा शेरा होता, कारण सराव संपायच्या आत तो निघायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, “सराव संपेपर्यंत मी असतो. त्यानंतर सर बोलतात तेव्हा निघतो. थेट घराकडं जाणारी शेवटची बस चुकली तर रात्री भावाला मोटरसायकल घेऊन यावं लागतं.” म्हणजे तो सराव सोडत नव्हता, भाषण सोडत होता.

माझा कल कुठं आहे हे लपवण्यात अर्थ नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी उमेदीबद्दल जे मांडलं ते मला अनुभवानं पटलेलं आहे. माणसाला उमेद बाहेरून भरावी लागत नाही. माझ्या म्हणण्याला इथं किंमत आहे, मला हे जमत चाललंय आणि मी या लोकांतला आहे, या तीन गोष्टी जाणवल्या की ती बरीचशी आपणहून धरते. कोचची जबाबदारी या तिन्हीला जागा करून देण्याची. इच्छा मुलाची. आणि निकाल दोघांचाही नाही.

सरांना हे ‘फार मऊ’ वाटलं. त्यांना मी जॉन वूडन यांचं उदाहरण दिलं. अमेरिकेतल्या यूसीएलए या विद्यापीठाचे हे बास्केटबॉल कोच, १९६४ ते १९७५ मध्ये दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारे. १९७४-७५च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला बसून कोचच्या तोंडून जे निघेल ते नोंदवत राहिले. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश नोंदींमध्ये काय करायचं आणि कसं करायचं, याची माहिती होती. निव्वळ कौतुक आणि निव्वळ नाराजी प्रत्येकी सात टक्क्यांच्या आत. सरांनी आकडे वहीत उतरवून घेतले आणि म्हणाले, “माझे मोजले तर उलटे निघतील.”

मग बदल काय केले? सगळ्यात आधी बोलण्याची वेळ हलवली. हरल्याच्या दिवशी कोर्टवर सभा नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, सरावाच्या सुरुवातीला, दहा मिनिटं, आणि प्रत्येक मुद्दा ‘पुढच्या वेळी असं करू’ इथं संपला पाहिजे. राउंड राहिले, पण दमासाठी, शिक्षा म्हणून नाहीत. हा फरक मुलांना लगेच कळतो. प्रेस लागला की बॉल कसा बाहेर काढायचा हे मुलांनी दोन प्रकारांनी आखलं, सरांनी एक फेटाळला, एक ठेवला. फेटाळताना कारण दिलं, हे महत्त्वाचं. आणि स्कोअरशिवाय दुसरं काहीतरी मोजायला लागले. बॉल किती वेळा फुकट गमावला, रिबाउंडच्या वेळी, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल घेताना, समोरच्याला किती वेळा अडवून धरलं. बास्केट पडणं न पडणं दिवसावर असतं, अडवून धरणं रोज जमू शकतं.

घरी हेच करायचं तर मार्क बाजूला ठेवून गणितं सोडवायला किती वेळ बसला, चुकलेलं गणित पुन्हा केलं का, हे बघा. रोज बघा. निकालाच्या दिवशीच बघितलंत तर मूल तुमची मर्जी वाचायला शिकतं, अभ्यास नाही. आणि कौतुक बंद करू नका, कृपा करून. फक्त ते नेमकं करा. ‘शाबास’पेक्षा ‘डाव्या हातानं लेअप घेतलास ते बरं झालं’ हे मुलाला जास्त वेळ पुरतं.

त्या हंगामात टीम उपांत्य फेरीत पोचली आणि हरली. आदल्या वर्षीही तिथंच हरली होती. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोसळली नाही. सरांना त्या रात्री झोप लागली की नाही, हे मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, लागली, पण उशिरा.

एक इशारा मात्र देते. वरखाली होणं वेगळं आणि नुसतंच खाली जात राहणं वेगळं. एखादं मूल काही आठवडे सलग उतरत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्र टाळत असेल, तर ते नाण्यांच्या हिशेबात बसवू नका. एकट्याला गाठून विचारा. तेवढ्यानं भागत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

याच टीममध्ये तसा वाटणारा एक मुलगा होता. सोमवारी हमखास थंड. सरांनी शेवटी त्याला बाजूला घेतलं. तो शनिवार-रविवारी कळंगुटला एका रेस्टॉरंटमध्ये रात्री एकपर्यंत काम करत होता, फीचे पैसे त्यातून भरत होता. सरांनी मला फोन केला: “त्याला ठेवू की काढू?”

“त्यालाच विचारा.”

मुलगा म्हणाला, काम सोडता येणार नाही, सोमवारी मॅच असेल तर मी बेंचवरून सुरुवात करतो, शेवटच्या क्वार्टरला घाला. सरांनी ते मान्य केलं.